कारखानीस बाईंची हिवाळी परीक्षा

माझं शिक्षण आणि माझी नोकरी यांचं श्रेय कुणाला, असं कुणी विचारलं तर मी एकच नाव सांगतो. शैलजा कारखानीस. आईवडिलांनी मला वाढवलं, उपाशी ठेवलं नाही आणि शाळेतून काढलं नाही. आमच्या घरात तेवढंही आधी कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. पण त्यापुढचा रस्ता त्यांनाच माहीत नव्हता. तो मला बाईंनी दाखवला, आणि तोही बहुतेक वेळा एका जुन्या डिझेल गाडीच्या उघड्या बॉनेटसमोर उभं राहून.

मी बार्शीचा. वडील मार्केट यार्डात हमाल होते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी फिजिक्समध्ये दोनदा नापास झालो आणि गावात तोंड दाखवायला नको म्हणून मुलुंडला आलो. तिथे प्रयोगशाळेची उपकरणं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. राहायला जागा हवी होती. कुणीतरी सांगितलं, डोंगराच्या बाजूला एका सोसायटीत एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात, त्या खोली देतात, पण माणूस बघून देतात.

मी गेलो तो जानेवारीतला रविवार होता. मुंबईची थंडी हा चेष्टेचा विषय आहे खरा, पण मुलुंडला डोंगराच्या कुशीत सकाळी गाड्यांच्या काचांवर दव साचतं आणि लोक हौसेने स्वेटर बाहेर काढतात. पार्किंगमध्ये एक करड्या रंगाची, चौकोनी तोंडाची गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती. त्यात एक बाई कमरेपर्यंत वाकल्या होत्या. पदर खोचलेला, अंगात पुरुषी स्वेटर, हातात जुना टूथब्रश.

"कारखानीस बाई इथेच राहतात का?" मी विचारलं.

"बाई कोण म्हणालं तुला?" डोकं वर न काढता त्या म्हणाल्या.

"आमच्याकडे शिकवणाऱ्यांना बाईच म्हणतात."

"आमच्याकडे म्हणजे कुठे?"

"बार्शी."

"इथे मॅडम म्हणतात. बाई म्हटलं की लोकांना भांडी घासणारी आठवते. पण तू बाईच म्हण. तसंही घासतेच आहे मी." आणि त्यांनी बॅटरीच्या टोकावर जमलेली पांढरी-हिरवी भुकटी घासायला सुरुवात केली. "शिकतोस काय?"

"बी.एस्सी. करत होतो. सुटलं."

"कशात अडकलं?"

"फिजिक्स."

तेव्हा कुठे त्या सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला नीट बघितलं. "केमिस्ट्री असतं तर परत पाठवलं असतं तुला. टॉर्च धर. इथे नाही, खाली. आणि हात लावू नकोस कशाला. आधी ऐक, मग हात लाव."

माझी खोली पक्की झाली ती अशी. पुढची सहा-सात वर्षं मी तिथे राहिलो, आणि 'आधी ऐक, मग हात लाव' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आता माझ्या मुलीला तेच सांगतो.

बाई ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाल्या होत्या. गाडी त्यांच्या यजमानांनी, वसंतरावांनी घेतलेली. ते इंजिनियर. गाडीचं सगळं ते स्वतः घरीच करायचे, दर रविवारी. "त्यांच्या हयातीत मी या गाडीत फक्त बसले," बाई सांगायच्या. "ते गेले आणि लक्षात आलं, हिला काय लागतं ते सांगणारं आता कुणी नाही. मग म्हटलं, हिलाच विचारावं." विचारणं म्हणजे इंजिन चालू करून डोळे मिटून शेजारी उभं राहणं. आवाजात कुठे खडखड आहे, कुठे दम लागतोय, हे त्या तसं शोधत. वसंतरावांचा स्वेटर खास या कामासाठी ठेवलेला होता. त्याला डिझेलचा वास होता, आणि तो धुतलेला मी कधी पाहिला नाही.

गंमत म्हणजे बाईंना गाडीने कुठे जायचंच नसायचं. भाजीला रिक्षा, बँकेत पायी. रविवारी पवईच्या तलावापर्यंत एक फेरी, तीही गाडीला बरं वाटावं म्हणून. मग एवढा खटाटोप कशाला, हे मला पहिल्या वर्षी कळलं नाही. कळलं ते डिसेंबरअखेर त्यांचा मुलगा निखिल आला तेव्हा.

निखिलदादा कॅनडात एडमंटनला असतो. वडील गेल्यावर त्याने आईला तिकडे न्यायचं ठरवलं होतं आणि बाईंना मुलुंड सोडायचं नव्हतं. भांडण नको म्हणून बाईंनी एक करार केला. ज्या वर्षी ही गाडी थंडीच्या सकाळी मला स्वतःच्या हाताने सुरू करता येणार नाही, त्या वर्षी मी तुझ्याबरोबर येईन. तोवर विषय काढायचा नाही. सगळी तयारी त्यांची त्यांनी करायची, दुसऱ्याचा हात लागता कामा नये, आणि किल्ली तीनदाच फिरवायची. दर वर्षी निखिलदादाच्या सुट्टीत, सगळ्यांत गार सकाळ बघून ही परीक्षा व्हायची. थंडीत जुनी डिझेल गाडी सुरू होणं हे गाडीचं नाही, ती सांभाळणाऱ्याचं काम असतं, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून दिवाळीचा कंदील उतरला की बाई तयारीला लागत. पहिल्यांदा टाकी काठोकाठ भरायची, कारण अर्ध्या टाकीत आतून ओल धरते आणि ते पाणी डिझेलमध्ये उतरतं. मग फिल्टरच्या तळाचा छोटा स्क्रू सैल करून खाली साचलेलं डिझेल लोणच्याच्या रिकाम्या बरणीत काढायचं. बरणी कट्ट्यावर ठेवायची. संध्याकाळपर्यंत पाणी तळाला आणि डिझेल वर. "बघ," त्या मला म्हणाल्या, "भांडण नाही, काही नाही. आपापले वेगळे झाले. सोसायटीच्या मीटिंगला ठेवायला पाहिजे ही बरणी." मग बॅटरीची टोकं सोड्याच्या गरम पाण्याने धुवायची, आणि पोळीला तूप लावावं तशी वरून पेट्रोलियम जेली लावायची.

सुरू करायची वेळ आली की बाई आत बसत. किल्ली अर्धी फिरवली की डॅशबोर्डवर छोटा नारिंगी दिवा लागायचा. आत हीटर प्लग तापत असायचे. तो दिवा आपणहून विझेपर्यंत थांबायचं. माणसं तिथेच चुकतात, बाई म्हणायच्या. दिवा लागलेला असतानाच किल्ली मारतात, आणि गाडीला शिव्या देतात. कधी त्या दिवा विझू देत, किल्ली मागे घेत आणि पुन्हा तापवत. "वय झालंय तिचं. एका हाकेत उठेल असं धरून चालू नये."

गाडी उठली की पांढऱ्या धुराचा एक लोट निघायचा आणि तो सरळ दुसऱ्या मजल्यावर तावडेकाकांच्या दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यांत शिरायचा. तावडेकाका मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत, ते स्वतः टपाल खात्यातून निवृत्त. ते गॅलरीत येऊन उभेच असायचे.

"बाई, तुमच्या गाडयेन माझ्या गंजीफ्राकाचो रंग बदलल्यान."

"तावडे, धूर पांढरा, गंजीफ्रॉक पांढरा. रंग कसा बदलेल?"

"वास येता मां पण!"

"मग निळा धूर आला की सांगा. तेव्हा इंजिन गेलं असं समजायचं."

"तेव्हा पेढे वाटतलंय मी," तावडेकाका म्हणायचे. पण परीक्षेच्या सकाळी तेच सगळ्यांत आधी आंघोळ करून गॅलरीत हजर असत.

माझं फिजिक्सही त्या पार्किंगमध्येच झालं. पुस्तकातला उष्णतेचा धडा मी पाठ करायचो आणि विसरायचो. बाईंनी एकदा सायकलचा पंप हातात दिला, तोंडावर अंगठा दाबून धरायला सांगितला आणि भरभर मारायला लावला. पंपाची नळी चटका बसावा इतकी तापली. "पेट्रोलच्या गाडीत ठिणगी टाकावी लागते," त्या म्हणाल्या. "डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा दाबली की तापते, त्या तापावर डिझेल पेटतं. गारठ्यात ती पुरेशी तापत नाही, म्हणून हे सगळे लाड. आता हेच पुस्तकाच्या भाषेत सांग." मला सांगता आलं. मग त्यांनी मला पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरायला लावला. सहा महिन्यांनी निकाल लागला तेव्हा मी धावत घरी आलो.

"किती?"

"बेचाळीस."

"चाळीसला पास असतं. दोन उगाच जास्त घेतलेस." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि खूप वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा हातात शिऱ्याची बशी होती.

पदवी मिळाल्यावर मरोळच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. इंग्रजी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. बाईंनी पंधरा दिवस रोज मला हीटर प्लग इंग्रजीत समजावून सांगायला लावला. "ज्याची माहिती आहे त्याच्यावर बोल. भाषा आपोआप मागून येते, तिला ओढू नकोस." मुलाखतीच्या दिवशी त्या म्हणाल्या, चल, सोडते. तोही डिसेंबर होता. पवईचा चढ आम्ही ज्या गतीने चढलो, त्यात शेजारून एक पाव विकणारा सायकलवाला पुढे गेला आणि मागे वळून हसला. कंपनीच्या फाटकाशी त्यांनी मला उतरवलं. दोन तासांनी मी बाहेर आलो तर गाडी तिथेच, इंजिन चालू, आणि वॉचमन हातवारे करतोय.

"मॅडम, कितनी बार बोला, बंद करो ना."

"बंद किया तो फिर चालू होगा, इसकी गॅरंटी तू देगा?" बाई त्याला म्हणाल्या. बॅटरी नवी घ्यायची होती आणि त्या दिवशी त्यांना ती भीती वाटत होती. मला बघून त्यांनी फक्त दार उघडलं. "काय रे? माझी अर्धी टाकी गेली. घेतलं ना त्यांनी?"

घेतलं होतं. आजही मी त्याच कंपनीत आहे.

पुढे माझं लग्न झालं, मी कळव्याला राहायला गेलो. तरी शनिवार-रविवारी एक फेरी मुलुंडला असायचीच. बाई दर वर्षी पास होत होत्या. एका वर्षी तिसऱ्या किल्लीला गाडी उठली तेव्हा निखिलदादा म्हणाला, "आई यार, काठावर पास झालीस." तो तिकडच्या गोष्टी सांगायचा. तिकडे थंडीत रात्रभर गाडीला विजेची वायर लावून ठेवतात, म्हणजे इंजिन गोठत नाही.

"म्हणजे आयसीयूत ठेवता म्हण," बाई म्हणाल्या. "मला नको बाबा तसली थंडी. मुलुंडची झेपते तेवढी पुरे."

पण त्यांची बोटं आखडत चालली होती. स्वेटरची बटणं त्या उघडीच ठेवू लागल्या. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरू लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, गरम वाटतं हातांना.

मागच्याच्या मागच्या डिसेंबरात, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी मुलुंडला गेलो. निखिलदादा मित्रांकडे गेला होता. बाई पार्किंगमध्ये फिल्टरपाशी वाकून तो तळाचा स्क्रू फिरवत होत्या. मी नियमाप्रमाणे लांब उभा राहिलो. बोटांनी फिरला नाही. फडकं गुंडाळून फिरवला, नाही. पक्कड आणली, ती दोनदा हातातून निसटून खाली पडली. मग त्या मडगार्डला टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या. स्वतःच्या हातांकडे बघत होत्या, जसं एखाद्या विद्यार्थ्याकडे बघावं ज्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

"दत्ता," त्या म्हणाल्या, "जरा पाव फेरा फिरव."

मी फिरवला. माझ्या हाताला तो सहज फिरला. बाकी सगळं त्यांनीच केलं. पाणी काढलं, स्क्रू पुरता आवळला गेलाय ना ते तळहाताने दाबून पाहिलं, फिल्टरवरचा छोटा हातपंप मारून डिझेलच्या नळीतली हवा काढली. जाताना मला म्हणाल्या, सकाळी लवकर ये, पोहे आहेत.

सकाळ चांगलीच गार होती. तावडेकाका कानटोपी घालून गॅलरीत. निखिलदादा कानात बोटं घातल्यासारखं नाटक करत उभा. बाई गाडीत बसल्या. नारिंगी दिवा लागला, विझला, पुन्हा लागला, विझला. त्यांनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली, इतकी साफ की धूरसुद्धा वरपर्यंत गेला नाही.

"जिंकल्यात बाई!" तावडेकाका वरून ओरडले.

"पास," निखिलदादा म्हणाला. "डिस्टिंक्शन. चला, भूक लागली."

बाई आत बसूनच होत्या. डोळे मिटून त्यांनी थोडा वेळ इंजिन ऐकलं. मग किल्ली बंद केली, खाली उतरल्या, दार नीट लावलं.

"निखिल, तिकीट काढ."

"कुणाचं?"

"माझं. फिल्टरचा स्क्रू मला नाही फिरला काल. दत्ताने फिरवला."

निखिलदादाने माझ्याकडे बघितलं.

"आई, एक स्क्रू. त्याचं काय? कोण बघत होतं?"

"मी बघत होते ना."

"मी नाही धरत हे."

"तू कोण धरणारा? परीक्षा माझी, तपासणार मी."

इतकी वर्षं निखिलदादा याच वाक्याची वाट बघत होता. आता ते ऐकून तो पार्किंगच्या कट्ट्यावर बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. "मला तू यायला हवी होतीस गं," तो म्हणाला. "पण अशी नको होतीस."

बाई त्याच्याजवळ गेल्या. त्याच्या डोक्यावर हात ठेवणार होत्या, पण हाताला डिझेल होतं म्हणून कोपराने त्याचा खांदा ढोसला. "सगळी माणसं अशीच येतात रे. चल, पोहे गार होतील."

मार्चमध्ये त्या कॅनडाला गेल्या. घर त्यांनी विकलं नाही. सामानावर चादरी घातल्या. गाडीची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "विकू नकोस असं मी म्हणणार नाही. पण विकलीस तर चालती वीक." विमानतळावर त्यांना सोडायला मीच गेलो होतो. निखिलदादाने त्यांच्यासाठी आणलेला गुडघ्यापर्यंतचा जाड कोट बॅगेत मावेना, म्हणून तो त्यांनी अंगात घातला होता. मार्चच्या उकाड्यात, घामाने डबडबलेल्या, त्या एवढ्या मोठ्या कोटात त्या फार लहान दिसत होत्या. मागून पोलीस शिट्टी वाजवत होता, गाडी काढा, गाडी काढा. ट्रॉली ढकलणाऱ्या निखिलदादाच्या पुढे चालत त्या काचेच्या दारातून आत गेल्या. कोटाची पाठ तेवढी काही वेळ गर्दीत दिसत राहिली.

फोनवर त्या हसतमुख असतात. खिडकीबाहेरचा बर्फ दाखवतात. एकदा म्हणाल्या, "निखिलच्या गाडीचं बॉनेट उघडून पाहिलं रे मी. आत सगळं प्लॅस्टिकने झाकलेलं. सुरू केली तरी आवाज नाही. ऐकायचं काय?" आणि मग विषय बदलून माझ्या मुलीचा अभ्यास विचारला.

या जानेवारीत मी त्यांना एक पत्र पाठवलं. ते असं:

ती. बाईंना दत्ताचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहितो. चुकलं तर रागवा.

मुलुंडला यंदा चांगली थंडी पडली. गाडी दर रविवारी सुरू करतो. मागच्या रविवारी उठेना. तावडेकाका खाली आले, म्हणाले, मी टॉर्च धरतो. दोघांनी मिळून फिल्टर साफ केला आणि ती उठली. तावडेकाकांचे कपडे त्या दिवशी बाहेर नव्हते. ते आता रविवारी कपडे वाळत घालत नाहीत. मी कारण विचारलं नाही.

बाई, त्या सकाळी तुम्ही निकाल सांगितलात आणि मी गप्प राहिलो. तुमच्या निकालावर वाद घालायची माझी हिंमत नव्हती. इतके दिवस विचार करून आज घालतो आहे.

बार्शीच्या घरात आईने माझी पदवी भिंतीवर लावली आहे. येईल त्याला ती दाखवते आणि सांगते, माझ्या लेकानं एकट्यानं मिळवली. मी दर वेळी सांगतो, एकट्याने नाही गं. मी पहिल्यांदा बँकेत खातं उघडलं तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या होतात. लग्नाच्या बोलणीला आमच्याकडून तुम्ही बसला होतात. वडील गेले त्या रात्री माझी पिशवी तुम्ही भरलीत. आयुष्यातला एकही स्क्रू मी एकट्याने फिरवलेला नाही. पाव फेऱ्याची मदत घेतली म्हणून माणूस नापास होत असेल, तर ती पदवी मला भिंतीवरून उतरवावी लागेल, आणि का उतरवली हे मी आईला कसं सांगू?

मला मदत केलीत तेव्हा तुम्ही माझे मार्क कधी कापले नाहीत. मग स्वतःचेच का कापलेत?

तरी नम्र विनंती, की त्या सकाळच्या निकालाची फेरतपासणी व्हावी. निखिलदादाला मी विचारलं आहे. त्याची हरकत नाही. तो म्हणाला, माझं आई ऐकत नाही, तू लिहून बघ. इथे तुमच्या हाताला जे जमणार नाही ते करायला मी आहे, तावडेकाका आहेत, आणि ते परीक्षेत धरायचं नाही.

निकाल काय लागेल तो कळवा. पास झालात तर विमानतळावर घ्यायला मी येतोच.

आपला,
दत्ता